चार हातांचा अवसार

घाटकोपरच्या डोंगरावर चाळी एकमेकींच्या खांद्यावर बसलेल्या आहेत. वरच्या घरात ताक सांडलं की खालच्या घरात पोचेपर्यंत त्याची कढी होते, आणि ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने मे महिन्यात जाऊन बघावं. या डोंगराच्या मधल्या टप्प्यावर लवू परब राहायचा. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय असा नेला की मागे नुसती पायाची आठवण ठेवली. उजव्यात थोडा जीव होता, पण तो उभं राहायला नव्हे, चप्पल अडकवायला, असं लवू स्वतःच सांगे. पवईच्या एका कंपनीत तो टेलिफोनवर बसायचा. आवाज असा खणखणीत की ऐकणाऱ्याला वाटावं, पलीकडे सहा फुटी गडी छाती काढून उभा आहे.

त्याच्याकडे एक छोटी पांढरी गाडी होती. तिचा ब्रेक आणि वेग दोन्ही हाताच्या दांड्यावर, पायाला काही काम नाही. अपंगाची गाडी म्हणून सरकारने तिचा कर माफ केला होता, म्हणून तर ती लवूला परवडली. ती येण्याआधी त्याचा धाकटा भाऊ गुणाजी त्याला पाठीवर घेऊन रोज डोंगर उतरवायचा आणि रोज चढवायचा. गुणाजी बाजारात पोती उचलणारा. त्याच्या पाठीबद्दल डोंगरात सांगत की लवू, गॅसचा सिलिंडर आणि गणपती ती एकाच फेरीत वर न्यायची, आणि गणपती उतरताना म्हणायचा, बाबा, पुढच्या वर्षी पण तूच ये. पण ती पाठ आता गेली होती. गुणाजी कमरेला पट्टा बांधून फिरत होता आणि शिंकताना भिंत धरत होता.

यंदा परिवहन खात्याने ठरवलं की करमाफीच्या सगळ्या गाड्या आणि त्यांचे मालक पुन्हा तपासायचे. मालक खरंच अपंग आहे की नाही, गाडी तोच वापरतो की दुसरा कोणी, सगळं समोर बघायचं. लवूला काय भीती? पाय तर कायम सोबतच होता. पण त्याच्या बोलावण्याबरोबर एक तक्रारही आली. तक्रार बिननावाची. रस्ता डोंगराच्या मधल्या टप्प्यापर्यंतच येतो, तिथे गाडी लावायची जागा एकच आणि तिच्यावर डोळा ठेवणारे पुष्कळ, त्यामुळे ती कोणी केली हे शेवटपर्यंत कळलं नाही. तक्रारीसोबत एक व्हिडिओ होता. त्यात लवू चालत होता.

म्हणजे कसा, ते सांगायला हवं.

डोंगरावरच्या कोकणी मंडळींनी गावची देवी आणून पत्र्याच्या देवळात बसवली होती. वर्षातून एकदा तिची जत्रा व्हायची. तेव्हा तरंग निघे, म्हणजे साडी नेसवलेला देवीचा खांब. तो ज्याच्या हातात, त्याच्या अंगात अवसार येई, म्हणजे देवीचं वारं. मग लोक त्याला घरातली दुखणी, कोर्टातले दावे, अडलेली लग्नं विचारत आणि वाऱ्यातला माणूस उत्तरं देई. जुना अवसारी धोंडिराम वारला त्या वर्षी तरंग कोणी धरायचा यावरून देवळात ढकलाढकली झाली. उंबऱ्याशी बसलेल्या लवूच्या हातात कोणीतरी घटकाभर धर म्हणून तो दिला. ढोल वाजत होते, धुपाने शेजारचा माणूस दिसत नव्हता. गर्दीत भाऊ तुडवला जाईल म्हणून गुणाजीने मागून त्याच्या कमरेला धरलं आणि उचललं.

लोकांनी काय बघितलं? लवू परब उभा! तरंग घेऊन उभा! मग तो दारापासून तुळशीपर्यंत गेलासुद्धा. पाय जमिनीला लागत होते ते केवळ शिष्टाचार म्हणून. बायकांनी हंबरडा फोडला, पुरुष आडवे झाले, आणि खरं सांगायचं तर एक श्वासभर लवूलाही वाटलं की पाय आपलेच चालतायत.

त्यानंतर दर वर्षी तेच. गुणाजी मागून साडीच्या आड, लवू पुढे. दोघा भावांचं त्यावर कधी एक शब्द बोलणं झालं नाही. एकाने उचलायचं, दुसऱ्याने चालायचं, लोकांनी नमस्कार करायचा.

यावर पोटभर हसता आलं असतं, रुक्मिणी काकी नसती तर.

रुक्मिणी काकी शेजारच्या चाळीतली. तिचा एकुलता एक मुलगा हर्षद मढच्या एका मच्छीमार बोटीवर कामाला गेला. बोट परत आली, हर्षद आला नाही. कोणी म्हणे पडला, कोणी म्हणे वाटेत गुजरातच्या बंदरावर उतरून गेला. देह काही सापडला नाही. त्या पहिल्याच जत्रेत काकीने तरंगापुढे पदर पसरला आणि विचारलं, "म्हाराजा, माझो झील येतलो मां?" लवूच्या तोंडून निघालं, "येतलो. वाट बघ."

कुठून निघालं ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. पण शब्द निघाला तो निघाला. काकी दर जत्रेला विचारायची आणि लवू दर जत्रेला सांगायचा. त्या एका शब्दावर ती बाई जगली. मुलाचे दिवस घालू दिले नाहीत. नवरा गेला तेव्हा अग्नी द्यायला पुतण्या उभा राहिला, तर त्याला म्हणाली, हर्षद येईपर्यंत तू. दर दिवाळीला मुलासाठी शर्ट आणायची, आणि आता अंगाने भरला असेल म्हणून माप वाढवत न्यायची. वर्षभर ती लवूला "अरे लवू, मेल्या" म्हणे आणि एक दिवस "म्हाराजा".

तपासणीच्या दिवशी लवूचा बेत साधा होता. एकट्याने जायचं, साहेबाच्या कानात खरं सांगायचं आणि परत यायचं. निघताना त्याची बायको सुगंधा म्हणाली, "काय ता सांगा, पण गाडी घेऊन येवा. गाडी गेली तर नोकरी गेली. गुणाजी भावोजीच्या पाठीर आता बसलात तर दोघांकय एकदमच उचलूचा लागात." तिला चालण्याचं गुपित ठाऊक होतं की नव्हतं, हे लवूने कधी विचारलं नव्हतं.

गुणाजीने त्याला कडेवर घेऊन, कण्हत कण्हत, गाडीपर्यंत आणलं. बघतो तर पुढच्या सीटवर रुक्मिणी काकी! इस्त्रीचं लुगडं, मांडीवर नारळ.

"काकी, तू खंय?"

"तुझ्यावांगडा. साहेबाक सांगूक."

"काय सांगूक?"

"लबाड म्हणतत तुका. कोणी मेल्यान कागद घातल्यान ना? मी सांगतंय काय ता. तू गप गाडी चालव."

"काकी, ता सरकारी काम आसा, तुका समजाचा नाय..."

"माका समजाक कित्या होया? मी बघलंय ता सांगतलंय."

लवूने गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी मुकाट मागे बसला. म्हातारीला गाडीतून उतरवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तर तेच होतं.

मुलुंडच्या अलीकडे खात्याने एक मोकळं मैदान घेतलं होतं. गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेत असे असे नग होते की देवाने हात टेकावेत. एक गृहस्थ रांगेच्या शेपटाला उजव्या पायाने लंगडत होते, ते टेबलापर्यंत पोचताना डाव्याने लंगडायला लागले. एका आठ जणांच्या चकचकीत गाडीची मालकीण म्हणजे कोणाची तरी पांगळी आजी. आजींना हजर करा म्हटल्यावर नातू म्हणाला, "फोटो चालेल का? हार घातलेलाच आहे." एका बहिऱ्या मालकाने तर हाक मारल्याबरोबर "आलो आलो" म्हणून सगळ्यांत आधी टेबल गाठलं.

हे सगळं सोसत बसलेले अधिकारी होते रतन वाघचौरे. राहणार चेंबूर, मूळ नगरकडचे. सडसडीत, पन्नाशीचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांच्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले होते, आणि तेव्हापासून त्या घरात कोणी नवस बोललं नव्हतं की कोणाला कौल लावला नव्हता.

लवूची गाडी पुढे आली. एक माणूस हाताचे दांडे ओढून बघू लागला. लवूचं लक्ष तिकडे असताना काकी दार उघडून उतरली आणि नारळासकट टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"साहेबानू, आधी माका इचारा."

वाघचौरेंनी तिला खुर्ची दिली. "बोला आई."

"लवू लबाड न्हय. तुमका कोणी सांगितल्यान असात तर ता खोटा. देवी येता त्याच्या अंगात. देवळाच्या दारापासून तुळशीपर्यंत चालत येता. माझ्या डोक्यार हात ठेयता. एकदा न्हय, वर्सान्‌वर्सां. मी ह्या डोळ्यांनी बघलंय."

"स्वतःच्या पायांनी चालतो?"

"मगे काय माझ्या?"

बाजूच्या कारकुनाने ते उतरवून घेतलं. काकीने त्याखाली सही केली, वळणदार, शाळेत शिकलेली. परत येऊन गाडीत बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "सांगितलंय सगळा. आता कोणाची टाप नाय तुका लबाड म्हणूची."

तिच्या त्या सहीने गाडी गेली, हे लवूला तिथेच कळलं. मागे गुणाजी कमरेचा पट्टा चाचपू लागला.

थोड्या वेळाने वाघचौरे स्वतः गाडीपाशी आले. ज्यांना उतरता येत नाही त्यांच्याशी ते खिडकीतूनच बोलत. त्यांनी काकीला आणि गुणाजीला चहा घ्यायला ताडपत्रीखाली पाठवलं. मग खिशातून फोन काढून व्हिडिओ लावला आणि मध्येच थांबवला.

"परब, तरंग तुमच्या दोन्ही हातांत आहे. मग तुमच्या कमरेला हे दोन हात कोणाचे? देवीचे म्हणू नका. देवीच्या मनगटाला घड्याळ नसतं."

लवूला हसू आलं आणि त्याचबरोबर सुटल्यासारखं झालं. "तुम्हाला कळलं ना साहेब? मग झालं. भाऊ उचलतो मला. लिहून टाका."

"मी लिहून भागत नाही. बाईंची साक्ष झाली, सही झाली. तिच्यासमोर तुम्हाला सांगावं लागेल की तुम्ही चालत नाही."

"तिला घरी पोचवतो. मग येऊन सांगतो."

"तसं नाही करता येत."

"मग डॉक्टरांच्या बोर्डाकडे पाठवा. पाय बघू द्या त्यांना."

"पाठवतो. तारीख लागेपर्यंत गाडी इथेच राहील, आणि तारखा कशा लागतात ते तुम्हाला माहीत आहे. आणि बोर्डाने पाय बघितला तरी उत्तर तेच येणार. ते डोंगरावर समजणार नाही असं वाटतं तुम्हाला? दोघांपैकी एक खोटं आहे, परब. पाय, नाहीतर देव. मला फक्त कुठलं ते लिहायचंय."

लवू स्टिअरिंग धरून बसला. मग त्याने हर्षदची गोष्ट सांगितली. बोट, पहिली जत्रा, तोंडून निघालेला शब्द, दिवाळीचे शर्ट. वाघचौरे खिडकीच्या कडेवर हात ठेवून ऐकत राहिले.

"आणि तुम्ही दर वर्षी सांगता, येणार म्हणून?"

"ती दर वर्षी विचारते."

वाघचौरेंनी ताडपत्रीकडे पाहिलं. काकी बशीत चहा ओतून गुणाजीला आग्रह करत होती.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ते म्हणाले. "पण त्याने माझं काम बदलत नाही. पाच मिनिटं घ्या."

त्या पाच मिनिटांत लवूने काही थोर विचार केला असेल अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाकावी. त्याला दिसत होती ती गुणाजीची पाठ. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या उतरणारी, थांबणारी, पुन्हा उतरणारी. मग कंपनीतली आपली खुर्ची दिसली, तिच्यावर दुसरं कोणीतरी. मग काकी दिसली, आणि त्याने डोळे दुसरीकडे वळवले. चाललो असं म्हणायचं, एवढंच. गाडी जाईल, पण म्हातारी शेवटपर्यंत सुखात राहील. तिचे दिवस किती उरलेत? हा हिशोब त्याच्या मनात येताच त्याला स्वतःची शिसारी आली, कारण तो तिच्या मरणावर टेकलेला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे तो त्याला पटतही होता.

टेबल आणि खुर्ची गाडीशेजारी ओढली गेली. कारकून आला, काकी खुर्चीवर बसली, गुणाजी तिच्यामागे उभा राहिला. वाघचौरेंनी विचारलं, "परब, तुम्ही चालता का?"

लवूने काकीकडे पाहिलं.

"सांग रे," काकी म्हणाली. "भिया नको. साहेब बरो माणूस आसा."

गुणाजीने तोंड उघडलं. "साहेब, मी..."

"तू गप," लवू म्हणाला. हे भावाच्या तोंडून यावं हे त्याला सोसलं नसतं. "काकी, मी चालत नाय. कधीच नाय चाललंय. गुणाजी माका मागसून उचलता."

काकी हसली. "भियालो तो," तिने वाघचौरेंना समजावलं. "गाडी जायत म्हणान असा बोलता." मग तिने मान वळवून गुणाजीकडे पाहिलं. एवढा थोराड गुणाजी मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हाताने झाकून जमिनीकडे बघत होता. काकी त्याच्याकडे बघतच राहिली. तिचं हसू जायला बराच वेळ लागला.

"आणि देवी?"

"देवी कधी इलीच नाय, काकी."

"मगे माझ्या हर्षदचा सांगत कोण होतो?"

रांगेतला कोणीतरी हॉर्न वाजवत होता. वाघचौरेंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मीच," लवू म्हणाला.

आता ती छाती पिटेल, नारळ फेकून मारेल असं लवूला वाटलं. मारला असता तर बरंही वाटलं असतं. तसं काही झालं नाही. काकीने नारळ खुर्चीवर ठेवला, उठली आणि कारकुनाच्या कागदावर बोट टेकवलं.

"ह्या माझा खोडा, साहेबानू. माका दिसला तसा मी सांगितलंय. मी बाई अडाणी. ह्येचो पाय खरोच गेलेलो आसा. लहानपणी मीच त्येका तेल लावलंय."

कारकुनाने खोडलं. तिने शेजारी पुन्हा सही केली. वाघचौरेंनी पात्र असल्याचा शेरा मारला, शिक्का उठवला, आणि निकाल असा सरळ लागला तरी त्याचा आनंद न मानता ते उठून म्हातारीसाठी गाडीचं दार उघडायला गेले. ती पुढे बसली नाही. मागे बसली.

गाडी मैदानाबाहेर पडली. भांडुप गेलं, कांजूर गेलं. लवू आरशात बघत होता. काकी खिडकीबाहेर बघत होती. मध्येच तिने विचारलं, "गाडी ऱ्हवली मां तुझी?"

"ऱ्हवली, काकी."

"मगे उद्या माका भटाकडे ने. झिलाचा करूचा आसा."

दुसऱ्या दिवशी लवूने रजा टाकली. भटजी म्हणाले, देह नसला तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग पुढचे विधी. खाडीच्या काठाला जागा आहे. लवूने सगळ्यांना तिकडे नेलं. मागच्या सीटवर काकी, तिच्या शेजारी गुणाजी, गुणाजीच्या मांडीवर कापडात गुंडाळलेला पुतळा. त्याचं वजन काहीच नव्हतं, तरी गुणाजीने तो दोन्ही हातांनी धरला होता. खाडीकडे उतरायला नुसती चिखलाची घसरती पायवाट होती. तिथे गाडीही जाणार नव्हती आणि लवूही.

पायवाट उतरण्याआधी भटजी लवूच्या खिडकीशी थांबले. नाव, गोत्र विचारून झालं. मग त्यांनी काकीला विचारलं, "मृत्यूची तिथी?"

"माका म्हायत नाय," काकी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. इतकी वर्षं ज्या माणसाला विचारायची सवय होती त्याच्याकडे तिने बोट केलं. "लवूक इचारा. तो सांगात."

भटजी लवूकडे वळले.

लवूने पुढच्या काचेतून खाडीकडे पाहिलं. ओहोटी होती. बोट मढच्या धक्क्याला लागली तो दिवस त्याला आठवत होता, शिमग्याच्या आदल्या आठवड्यातला. पण त्या आधी किती दिवस, कुठल्या पाण्यात, की कुठल्याच नाही, हे त्याला कालही ठाऊक नव्हतं आणि आजही नव्हतं. काकी वाट बघत होती.

"फाल्गुन शुद्ध अष्टमी," तो म्हणाला.

"नक्की ना? संकल्पात सांगावी लागते."

"नक्की."

काकीने मान हलवली. गुणाजीने पुतळा उचलला, आणि ती तिघं चिखलातून खाली उतरायला लागली.